गोगलगायीच्या विषापासून वेदनाशामक: ‘मॉर्फिनपेक्षा हजारपट’ म्हणजे नेमकं काय?

दर काही महिन्यांनी एक बातमी नव्याने फिरू लागते: समुद्रातल्या एका गोगलगायीच्या विषात मॉर्फिनपेक्षा हजारपट तीव्र वेदनाशामक सापडलं. वाचून कुणाला वाटतं, आता कर्करोगाच्या वेदना संपल्याच. कुणाला वाटतं, ही आणखी एक थाप. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. औषध खरं आहे. त्याचं नाव झिकोनोटाइड. त्याला २००४ साली मंजुरी मिळाली आणि ते गोगलगायीच्या विषातल्या एका रेणूची हुबेहूब नक्कल आहे. पण ते फार थोड्या रुग्णांपर्यंत पोचतं, आणि ते का, हे बातमीत कधी येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला मंजुरी दिली तेव्हा हा विषय पुन्हा वर आला. ती गोळी गोगलगायीपासून आलेली नाही. मात्र तिच्यामागचा विचार तोच आहे: अफूच्या वाटेने न जाता, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूतला एकच नेमका मार्ग अडवायचा. हा विचार कुठवर जाऊ शकतो आणि कुठे अडतो, हे गोगलगायीच्या औषधाने बरंच आधी दाखवून दिलं आहे.

## मासे पकडणारी गोगलगाय

बागेत पानं खाणारी गोगलगाय डोळ्यांसमोर आणू नका. इथे बोलतोय ते कोनस गटातल्या सागरी गोगलगायींबद्दल. कवच शंकूच्या आकाराचं, त्यावर तपकिरी-पांढरी, जाळीदार, इतकी सुबक नक्षी की शंख जमवणारे लोक शतकानुशतकं या कवचांच्या मागे आहेत. उष्ण समुद्रांत, बहुतेक प्रवाळांच्या आसपास, यांच्या सातशेहून जास्त जाती आढळतात. बऱ्याचशा जाती समुद्री कृमी खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात, आणि काही जाती चक्क मासे खातात.

इथेच खरी अडचण आहे. गोगलगाय सरपटणार, मासा पोहणार. विष चढायला अर्धा मिनिट जरी लागला तरी मासा दूर निघून जाणार आणि दुसराच कुणीतरी त्याला खाणार. त्यामुळे या प्राण्याचं विष क्षणात काम करणारं हवं. तसं ते आहे. गोगलगायीच्या तोंडातले दात बदलत बदलत पोकळ, टोकाला आकडा असलेल्या बाणासारखे झाले आहेत. लवचीक सोंड हळूच माशाच्या जवळ न्यायची, बाण मारायचा आणि त्याच्या पोकळीतून विष आत सोडायचं. एक-दोन सेकंदांत मासा ताठ होतो, मग लुळा पडतो. बाण एकदाच वापरायचा, पुढच्या शिकारीला नवा.

‘कोनस जिओग्राफस’ या जातीची आणखी एक रीत आहे. ती तोंड जाळ्यासारखं पसरते आणि पाण्यात इन्सुलिन सोडते. हो, आपल्या स्वादुपिंडात तयार होतं तेच, फक्त माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. माशांच्या रक्तातली साखर घसरते, ते सुस्तावतात आणि गोगलगाय त्यांना तोंडात घेते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१५ साली दाखवून दिलं. या सगळ्या विषयात मला सर्वात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते: दुसऱ्याच्या शरीरातलं संप्रेरक शस्त्र म्हणून वापरणारा जीव.

हीच जात माणसांनाही मारू शकते. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या हेमन बेटावर २७ वर्षांच्या एका तरुणाने असा जिवंत शंख उचलला आणि तळहातावर धरून चाकूने खरवडायला घेतला. गोगलगायीने डंख मारला. त्या वेळच्या वैद्यकीय नोंदीतला क्रम असा आहे: लगेच किंचित बधिरपणा. दहा मिनिटांनी ओठ ताठर. वीस मिनिटांनी नजर धूसर, एकाच्या दोन गोष्टी दिसू लागल्या. अर्ध्या तासात पाय लुळे. तासाभरात शुद्ध गेली आणि काही तासांत मृत्यू. त्याच नोंदीत एक वाक्य असंही आहे की, वेदना कोणत्याही टप्प्यावर झाली नाही.

साप चावला, विंचू चावला, तर माणूस कळवळतो. इथे जीव गेला तरी दुखलं नाही. या विषात दुखण्याशी संबंधित काहीतरी असावं, हे आज मागे वळून पाहताना लगेच सुचतं. त्या काळी ते शोधायची साधनंच नव्हती.

## विष म्हणजे एक पदार्थ नव्हे

‘गोगलगायीचं विष’ म्हटलं की एकच द्रव्य असेल असं वाटतं. प्रत्यक्षात एका जातीच्या विषात शंभराहून जास्त, काही जातींत त्याहून कितीतरी अधिक वेगवेगळे रेणू असतात. यातले बहुतेक पेप्टाइड्स आहेत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. हीच साखळी खूप लांब झाली की तिला आपण प्रथिन म्हणतो. कोनसच्या विषातल्या पेप्टाइड्सना कोनोटॉक्सिन म्हणतात, आणि त्यांची लांबी साधारण दहा ते चाळीस अमिनो आम्लं एवढीच असते. गंधकाच्या बंधांनी ती जागोजागी घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे त्यांचा आकार पक्का राहतो. आकार पक्का म्हणून निशाणा पक्का.

प्रत्येक पेप्टाइडचं काम वेगळं. एक स्नायूंपर्यंत येणारा आदेश अडवतं, दुसरं मज्जातंतू बेफाम पेटवून माशाला झटक्यात ताठ करतं, तिसरं मज्जातंतूंमधली देवाणघेवाण बंद पाडतं. आणि एका जातीची पेप्टाइड्स दुसऱ्या जातीत जवळपास सापडतच नाहीत. सातशेहून जास्त जाती, प्रत्येकीत शेकडो रेणू, असा हिशेब मांडला तर एकूण आकडा लाखाच्या पलीकडे जातो. यातल्या अगदी थोड्यांचंच शरीरातलं काम आजवर नीट तपासून झालं आहे.

औषध म्हणून वापरतात ते अख्खं विष नव्हे. शेकडो रेणूंतला एक निवडायचा, त्याचं एकट्याचं काम तपासायचं आणि तो प्रयोगशाळेत तयार करायचा, अशी ही पद्धत आहे.

## दुखणं मेंदूपर्यंत पोचतं कसं?

हे औषध समजण्यासाठी दुखण्याचा प्रवास समजायला हवा. बोटाला चटका बसला की तिथल्या मज्जातंतूत विजेचा संदेश तयार होतो आणि तो हातातून वर जात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो. तिथे हा मज्जातंतू संपतो. पुढचा, मेंदूकडे जाणारा, तिथून सुरू होतो. दोघांच्या मध्ये सूक्ष्म फट असते आणि विजेचा संदेश ती ओलांडू शकत नाही.

रस्ता नदीकाठी येऊन संपावा आणि पूल नसावा, तसं हे आहे. गाडीतलं सामान होडीत भरायचं, होडी पलीकडे न्यायची आणि तिथून दुसऱ्या गाडीने पुढे पाठवायचं. पण घाटावर एक फाटक आहे. गाडी आल्यावर ते उघडतं, तेव्हाच होड्या सुटतात. शरीरातलं हे फाटक म्हणजे कॅल्शियम चॅनेल, पेशीच्या आवरणातला कॅल्शियमसाठीचा मार्ग. विजेचा संदेश आला की तो उघडतो, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या धक्क्याने रासायनिक निरोप भरलेल्या बारीक पिशव्या फटीत रिकाम्या होतात. तो निरोप पलीकडे पोचला की पुढचा मज्जातंतू जागा होतो, आणि मग आपल्याला ‘दुखलं’ हे कळतं.

शरीरात अशी फाटकं अनेक प्रकारची आहेत. मज्जारज्जूतल्या दुखण्याच्या या घाटावर प्रामुख्याने काम करतं ते ‘एन’ प्रकारचं. एवढं नाव लक्षात ठेवलं तरी पुरे.

मॉर्फिनही शेवटी याच फाटकावर येतं, पण आडवाटेने. ते घाटावरच्या अधिकाऱ्याला गाठतं, म्हणजे पेशीवरच्या अफूग्राही रेणूला, आणि तो अधिकारी फाटक लावायला सांगतो. शिवाय तो पलीकडच्या काठावरची गाडीही सुस्त करतो. अडचण अशी की तोच तोच निरोप सतत येत राहिला की अधिकारी दाद देईनासा होतो. मग मात्रा वाढवावी लागते. आणि हेच अधिकारी मेंदूत श्वास चालवणाऱ्या केंद्रातही बसलेले असतात. मात्रा फार झाली तर श्वास मंदावतो, थांबतोही. अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने माणसं मरतात ती बहुतेक अशी.

कोनसचं पेप्टाइड अधिकाऱ्याला विचारतच नाही. ते सरळ फाटकात जाऊन अडकतं.

## उंदीर थरथरला तेव्हा

हा शोध लावला तो बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या फिलिपिनो शास्त्रज्ञाच्या चमूने. अमेरिकेत डीएनएवर संशोधन करून ते मायदेशी परतले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत त्या कामाची यंत्रं नव्हती. मग जवळ काय आहे? समुद्र, आणि लहानपणापासूनचा शंख गोळा करण्याचा छंद. त्यांनी लुर्डेस क्रूझ यांच्यासोबत कोनसच्या विषावर काम सुरू केलं आणि पुढे युटा विद्यापीठात ते चालू ठेवलं.

सुरुवातीला विषाचे घटक उंदरांच्या पोटात टोचून पाहत, आणि लुळेपणा आणणारे तेवढे लक्षात येत. युटामध्ये क्रेग क्लार्क नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याने सुचवलं की हे घटक थेट उंदराच्या मेंदूत सोडून पाहू. वरकरणी विचित्र कल्पना होती, पण तिने सगळं चित्र पालटलं. जे घटक पोटात टोचल्यावर काहीच करत नव्हते तेच मेंदूत गेल्यावर ठळक परिणाम दाखवू लागले. एकाने उंदीर झोपला, एकाने गोल गोल धावू लागला, एकाने थरथरू लागला. शाळा संपवून नुकताच आलेला मायकेल मॅकिन्टॉश हा तरुण यातल्या थरथरवणाऱ्या पेप्टाइड्सच्या मागे लागला, आणि ‘कोनस मॅगस’ या मासेखाऊ जातीच्या विषातून त्याने २५ अमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा काढला. आज त्याच रेणूला झिकोनोटाइड म्हणतात. बाजारातलं नाव प्रिआल्ट.

मॅकिन्टॉश पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले आणि कोनसवर काम करतच राहिले. अजून शिकत असलेल्या मुलांना स्वतःची कल्पना तपासून पाहायची मोकळीक मिळाली, म्हणून हे औषध सापडलं. मला ही बाब औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

## माशाला लुळं करणारा रेणू माणसाचं दुखणं कसं थांबवतो?

ही शंका रास्त आहे. गोगलगायीला माशाचं दुखणं थांबवण्याची काही गरज नाही, तिला तो लुळा पाडायचा आहे. मग या रेणूचा वेदनेशी काय संबंध?

उत्तर ‘एन’ फाटकाच्या जागेत आहे. माशांमध्ये मज्जातंतू जिथे स्नायूला हालचालीचा आदेश देतो तिथे ही फाटकं काम करतात. ती अडली की आदेश पोचत नाही आणि मासा लुळा पडतो. माणूस आणि इतर सस्तन प्राण्यांमध्ये स्नायूंच्या त्या जागी फाटक वेगळ्या प्रकारचं असतं, आणि कोनसचा हा रेणू त्याला हातही लावत नाही. पोटात टोचल्यावर उंदीर लुळा पडत नव्हता, तो म्हणूनच. आपल्याकडे ‘एन’ फाटकं मज्जारज्जूतल्या दुखण्याच्या मार्गावर दाटीने आहेत. शस्त्र तेच, पण शरीराची रचना वेगळी असल्याने परिणाम वेगळा.

इतकी जवळजवळ सारखी दिसणारी फाटकं अचूक ओळखणारा रेणू माणसाने मुद्दाम घडवायचा म्हटला तर फार अवघड जातं. कोनसने तो लाखो वर्षांच्या शिकारीतून घडवला आहे.

## ‘हजारपट’चा हिशेब

आता त्या बातमीतल्या आकड्याकडे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तेवढाच परिणाम साधायला मॉर्फिनच्या तुलनेत हा रेणू शेकडो ते हजारपट कमी वजनाचा लागतो. ‘हजारपट तीव्र’ याचा अर्थ एवढाच: मात्रा इवलीशी पुरते. दुखणं हजारपट कमी होतं, असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

मात्रा किती इवलीशी? सुरुवात दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमपासून करतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. या मापाने एक ग्रॅम औषध एका माणसाला चार लाखांहून अधिक दिवस पुरेल. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला मात्रेच्या वजनाशी काय देणंघेणं? त्याला आराम किती पडतो, हे विचारायला हवं.

त्याचं उत्तर चाचण्यांमध्ये आहे आणि ते संमिश्र आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्करोग आणि एड्सचे १११ रुग्ण होते, दुसऱ्या कशानेच दुखणं न थांबलेले. झिकोनोटाइड मिळालेल्यांच्या वेदनेचा मोजपट्टीवरचा आकडा सरासरी ५३ टक्क्यांनी उतरला. नुसतं औषधविरहित द्रावण मिळालेल्यांचा १८ टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण त्या चाचणीत मात्रा भराभर वाढवली होती आणि दुष्परिणामही खूप झाले. २००६ च्या दुसऱ्या चाचणीत २२० रुग्णांना हळूहळू मात्रा वाढवत औषध दिलं. तिथे सुधारणा सरासरी १४.७ टक्के, आणि द्रावणाने ७.२ टक्के. दुष्परिणाम आटोक्यात आले, पण आरामही सरासरीने बेताचाच. सरासरीच्या पोटात काही जण असे असतात ज्यांना खूप फरक पडतो आणि काही ज्यांना काहीच पडत नाही. कुणाला पडेल ते आधी सांगता येत नाही.

## मग याची गोळी का नाही?

पहिलं कारण: पेप्टाइड पोटात टिकत नाही. जेवणातल्या प्रथिनांचे तुकडे करणारे पाचकरस याचेही तुकडे करतात.

इंजेक्शनने रक्तात दिलं तर? तर ते मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही. रक्त आणि मेंदू-मज्जारज्जू यांच्यात एक आवरण असतं, ते या आकाराचा रेणू सहजी आत सोडत नाही. आणि रक्तात फिरताना ते रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवरची ‘एन’ फाटकं मात्र गाठतं. रक्तदाब घसरतो. म्हणजे हवं तिथे नाही आणि नको तिथे आहे.

म्हणून हे औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट सोडावं लागतं. त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया होते. पोटाच्या त्वचेखाली एक पंप बसवतात, त्यातून एक बारीक नळी पाठीच्या कण्यात जाते आणि पंप थेंबाथेंबाने औषध सोडत राहतो. काही आठवड्यांनी त्वचेवरून सुई घालून पंप पुन्हा भरतात. पंपात किंवा नळीत जंतू शिरले तर मेंदूज्वराचा धोका असतो. खर्च मोठा, देखरेख कायमची. बाहेरून लावायच्या पंपानेही देता येतं, पण नळी कण्यात जावीच लागते.

त्यामुळे हे औषध पहिला उपाय म्हणून कुणालाच दिलं जात नाही. मज्जारज्जूत नळी घालण्याइतकं तीव्र, दीर्घकाळचं दुखणं आहे आणि बाकीची औषधं, अगदी कण्यात सोडलेलं मॉर्फिनसुद्धा, सोसत नाहीत किंवा लागू पडत नाहीत, अशांसाठीच ते आहे. आमवात, अर्धशिशी, गुडघेदुखी यांनी हैराण झालेला माणूस या यादीत बसत नाही. ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण रोज दुखणं सोसणाऱ्या माणसाला अर्धवट बातमीने आशा लावणं फार वाईट.

## काही झालं तरी विषच ना ते?

विष आणि औषध यांतला फरक बराचसा मात्रेचा आणि जागेचा असतो. कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध ब्राझीलच्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून सुचलं. मधुमेहासाठीचं एक्झेनाटाइड गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून आलं.

तरीही धोका उरतोच, आणि तो विषारीपणाच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेपेक्षा वेगळा आहे. ‘एन’ फाटकं दुखण्याच्या मार्गावर आहेत तशी मेंदूतही सर्वत्र आहेत. कण्यातल्या द्रवात सोडलेलं औषध थोडंफार वर मेंदूकडे जातंच. मग चक्कर, मळमळ, गोंधळ, विसराळूपणा, शब्द न सुचणं, डोळ्यांची थरथर, आणि काही जणांत भास आणि तीव्र नैराश्य. एफडीएने या औषधावर सर्वात ठळक दर्जाची सूचना छापायला लावली आहे ती याच मानसिक आणि मज्जासंस्थेच्या परिणामांसाठी. पूर्वी कधी सायकोसिस झालेला असेल, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, तर हे औषध देत नाहीत. त्रास वाढला तर ते लगेच थांबवता येतं आणि बहुतेक परिणाम ओसरतात, ही त्यातली जमेची बाजू.

## व्यसन लागतं का?

नाही. झिकोनोटाइड अफूग्राही रेणूंना शिवतच नाही. त्यामुळे नशा नाही, श्वास मंदावणं नाही, आणि एकदम बंद केलं तरी अंग तोडून निघणारी ती ओढ नाही. मॉर्फिनसारखी मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. अफूवर्गीय गोळ्यांनी ज्या समाजांत घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, तिथे या एका गुणासाठीच या वाटेवर इतकं संशोधन चाललं आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आधीपासून मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाला हे सुरू केलं म्हणून मॉर्फिन एकदम बंद करता येत नाही. मॉर्फिन तुटल्याचा त्रास हे औषध भरून काढत नाही. मॉर्फिन हळूहळूच कमी करावं लागतं.

## वीस वर्षांत दुसरं औषध का आलं नाही?

प्रयत्न झाले. ऑस्ट्रेलियातल्या ‘कोनस व्हिक्टोरिए’ या जातीतल्या एका पेप्टाइडने उंदरांमधलं, मज्जातंतूंना इजा होऊन येणारं दुखणं छान कमी केलं होतं. नुसतं त्वचेखाली टोचून. माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या, आणि २००७ साली ते काम थांबलं. कारण असं निघालं की उंदराच्या ज्या ग्राही रेणूवर ते नेमकं बसत होतं, त्याच्या माणसातल्या रूपावर ते तितकं घट्ट बसत नव्हतं. ज्या अचूकपणासाठी ही पेप्टाइड्स हवीहवीशी वाटतात, तोच अचूकपणा इथे आड आला. दोन प्राण्यांमधला एवढासा फरकही त्यांना चालत नाही.

हा धडा घेऊन मॅकिन्टॉश यांच्या गटाने ‘कोनस रेजिअस’ या जातीतल्या, त्याच ग्राही रेणूवर काम करणाऱ्या पेप्टाइडची काही अमिनो आम्लं बदलली, माणसाच्या रेणूवर ते घट्ट बसेल अशी. कर्करोगाच्या एका औषधाने हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते आणि साधा गार स्पर्शही टोचतो. उंदरांमधल्या अशा दुखण्यावर त्यांनी हे तपासलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध शरीरातून निघून गेल्यावरही त्याचा फायदा बराच काळ टिकला. याचा अर्थ ते निरोप अडवण्यापलीकडे काही करत असावं. कदाचित मूळ इजाच कमी करत असावं. मेंदू-मज्जारज्जूत न शिरता हे घडतं, म्हणून पंपाची गरजही पडणार नाही.

दुसरी वाट रेणूला पोटात टिकाऊ करण्याची. क्वीन्सलँड विद्यापीठात डेव्हिड क्रेक यांच्या गटाने ‘कोनस व्हिक्टोरिए’च्या त्याच पेप्टाइडची दोन टोकं एकमेकांना जोडून कडं केलं. पाचकरस बऱ्याचदा साखळीच्या मोकळ्या टोकापासून सुरुवात करतात. टोकच नसेल तर त्यांना पकड मिळत नाही. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की असं कडं उंदरांना तोंडावाटे दिलं तरी काम करतं.

आणि तिसरी, अलीकडची. फिलिपिन्सच्या खोल पाण्यातली ‘कोनस रोलानी’ ही जात माशाला डंख मारून मागे हटते आणि तो गळून पडेपर्यंत थांबते. तिच्या विषात आपल्या सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची नक्कल करणारं पेप्टाइड निघालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने उंदरांचं दुखणं कमी केलं. सोमॅटोस्टॅटिनसारखी औषधं डॉक्टर इतर आजारांत पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे ही वाट अगदी अनोळखी नाही.

या तिन्ही वाटांचे वर सांगितलेले निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. उंदरांतून माणसांत जाताना काय होतं, ते वर आलंच.

## औषधासाठी गोगलगायी माराव्या लागतात का?

एकही नाही. झिकोनोटाइड पूर्णपणे रासायनिक पद्धतीने जोडलं जातं. आता विषाच्या ग्रंथीतल्या जनुकांचा क्रम वाचून, संगणकावरच शेकडो पेप्टाइड्स ओळखता येतात. एका छोट्या नमुन्यावर काम भागतं. पूर्वी शेकडो गोगलगायींचं विष गोळा करावं लागे.

पण मूळ नमुना समुद्रातच हवा. प्रवाळ तापत्या पाण्याने पांढरे पडतायत, शंखांच्या व्यापारासाठी उपसा होतो, आणि काही कोनस जाती एकाच बेटाभोवती, दुसरीकडे कुठेही नाहीत अशा. अशी एक जात संपली की तिच्यातले शेकडो रेणू, जे दुसऱ्या कुठल्याच जातीत नाहीत, तेही संपतात. ते काय करत होते हे मग कुणालाच कळणार नाही. माझ्या मते प्रवाळ वाचवण्याच्या बाजूने हे सर्वात ठोस कारणांपैकी एक आहे, आणि त्याचा उच्चार फार कमी होतो.

## दोन गोष्टी, ज्या लगेच उपयोगी आहेत

समुद्रकिनारी किंवा उथळ पाण्यात शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला आणि तो रिकामा आहे याची खात्री नसेल, तर उचलू नका. रुंद टोकाकडून धरला तर चावत नाही, हा समज चुकीचा आहे. सोंड लांबते आणि कवचाच्या कुठल्याही भागापर्यंत पोचू शकते. खिशात तर मुळीच टाकू नका. कोनसच्या विषावर उतारा नाही. डंख झालाच तर तो अवयव हलू न देता, त्यावर पट्टी घट्ट गुंडाळून त्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं. श्वसनाचे स्नायू लुळे पडले तर विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवणं हाच उपचार, आणि वेळेत मिळाला तर माणूस वाचतो.

दुसरी गोष्ट दुखण्याची. ‘गोगलगायीच्या विषाचं’ म्हणून कुणी तेल, मलम किंवा गोळी विकत असेल तर त्यात झिकोनोटाइड नाही हे नक्की समजा. ते त्वचेतून जात नाही आणि पोटात टिकत नाही. घरात कुणाचं कर्करोगाचं किंवा मज्जातंतूंचं दुखणं कशालाच दाद देत नसेल, तर वेदना उपचार किंवा परिहार उपचार (पॅलिएटिव्ह केअर) करणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि थेट विचारा: कण्यात औषध सोडण्याचा पर्याय आमच्या रुग्णाला लागू आहे का, आणि असेल तर कोणतं औषध? बऱ्याचदा आधी मॉर्फिनचाच विचार होतो. ते जमलं नाही, किंवा सुरुवातीलाच योग्य वाटलं नाही, तर झिकोनोटाइडचं नाव पुढे येतं. डॉक्टरांना भेटायला जाताना, पूर्वी कधी भास किंवा गंभीर मानसिक आजार झाला असेल तर ते लिहून न्या. निर्णय त्यावर अवलंबून असतो.